वीस फुटी अण्णा

निपाणी, २ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

जय भीम.

तेरा वर्षांनी पत्र लिहितेय आणि विषय काय, तर पिक्चर. हसू आलं तर हस, मी बघायला तिथं नाही.

तुझा पत्ता दर चौदा एप्रिलला येणाऱ्या कार्डावरून घेतलाय. ‘बरा आहे. जय भीम.’ एवढ्या चार शब्दांसाठी पोस्टखातं विशाखापट्टणमपासून निपाणीपर्यंत राबतं. आई ते कार्ड मला दोनदा वाचायला लावते. मी वाचते आणि उत्तर लिहीत नाही. हट्ट काय तुझ्या एकट्याच्याच वाट्याला आला नाही.

तर पिक्चर. गेल्या आठवड्यात शाळेच्या कामाला बेळगावला गेले होते. काम लवकर आटोपलं. थिएटरबाहेर मोठं पोस्टर होतं : मालवाहू जहाज, त्याला शिड्या टेकवून चढणारी माणसं, खांद्याला बंदुका. पाय तिथंच थांबले. सोमालियाचा किनारा, बावीस खलाशी, समुद्री चाचे. एकटीच आत शिरले. आयुष्यात पहिल्यांदा एकटीनं पिक्चर बघितला, तोही पॉपकॉर्न खात.

जहाजाचं नाव वेगळं आहे, बंदरं वेगळी आहेत, माणसंही वेगळीच. पण ती गोष्ट तुझी आहे का रे?

चौकशा हा माझा जुना रोग, तुला ठाऊक आहे. बाबांचं घड्याळ उघडून आतली चाकं मी मोजली होती आणि मार तू खाल्लास. तेव्हा आता विचारतेच. चाचे खरंच जहाजावर बकऱ्या आणून बांधतात? पिक्चरमध्ये सगळ्या डेकवर लेंड्या पडलेल्या दाखवल्यात. इंजिन बंद पडल्यावर माणसाला झोप लागत नाही, असं त्यातला एक खलाशी म्हणतो. तू तर ऑइलर, इंजिनाच्या खोलीत तेलपाणी करणारा. तुला तो आवाज घरच्या पंख्यासारखा असणार. तो थांबल्यावर काय ऐकू यायचं? आणि भीतीचा कंटाळा येतो का? नऊ महिने रोज तीच भीती म्हटल्यावर कधीतरी जांभई येत असेल की नाही?

मी दहावीला भूगोल शिकवते. नकाशावर एडनच्या आखातावर बोट ठेवते आणि पुढं सरकते. त्या बोटाखाली तू नऊ महिने होतास आणि मला तिथल्या पाण्याचा रंगसुद्धा सांगता येत नाही. याची लाज वाटते.

पण पत्र लिहायला बसले ते एका दृश्यासाठी. पिक्चरमधला खलाशी जहाजाच्या जुन्या नकाशाचा कागद कात्रीनं कापतो, त्यात चहाची भुकटी भरतो आणि विडी वळतो. शेवटी विडीचं तोंड बंद करताना तो नट अंगठा आणि मधलं बोट वापरतो, आणि पहिलं बोट वर उचलून धरतो.

अण्णा, निपाणीत हजारो बायका विड्या वळतात. असं तोंड बंद करणारी बाई एकच. आईच्या पहिल्या बोटाचं टोक पानं कापताना गेलं म्हणून ती मधलं बोट लावते. आपण दोघं तिच्याकडं बघून शिकलो, म्हणून दहा बोटं धड असून आपणही तसंच करतो. त्या मुंबईच्या नटाला हे कुणी शिकवलं?

म्हणजे तू त्या लोकांना भेटलास. त्यांच्यासमोर मांडी घालून बसलास, विडी वळून दाखवलीस, बाकीचंही सांगितलं असशील. आम्हाला तू एक वाक्य सांगितलं नव्हतंस. मला राग आलाय, हे लिहूनच टाकते. पण रागापेक्षा चौकशी मोठी आहे, म्हणून हे पत्र.

आई बरी आहे. गुडघे दुखतात, जीभ शाबूत आहे.

तुझी,
समता


निपाणी, ६ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

पहिलं पत्र तुला मिळालंही नसेल, तोवर हे दुसरं. त्या पत्रात मी एक गोष्ट लिहायची टाळली. काल पुन्हा बेळगावला जाऊन पिक्चर परत बघितला. पहिल्यांदा मला भास झाला असेल, अशी आशा होती. भास नव्हता.

मला आठवतंय तेवढं आधी लिहिते, म्हणजे माझं कुठं चुकलं ते तुला सांगता येईल. जानेवारी २०११ मध्ये तुमचं जहाज धरलं. मार्चमध्ये चाच्यांनी तुला फोन करू दिला. माझ्या मोबाइलवर तीन मिनिटं. ‘कंपनी ऐकंना झालीया, काहीतरी करा गं,’ म्हणून तू रडलास. कंपनीचा माणूस आम्हाला सांगत होता की बोलणी चालू आहेत, तुम्ही गप्प बसा. आता गप्प बसायचं कसं, हे विडीवाल्या बायकांना कुणी कधी शिकवलंय? गुणामावशी म्हणाली, ‘रडल्याबिगर आई बी दूध पाजत न्हाय. हायवेवर बसू या.’ आई एका पायावर तयार.

तीनशे बायका पुणे-बंगळूर हायवेवर बसल्या. सूप, पानं, तंबाखू सगळं घेऊन. तिथंच विड्या वळत होत्या. आणि मोर्चा म्हटल्यावर डिजिटल बोर्ड नको? आपल्याकडं नवीन ट्रॅक्टर आला तरी बोर्ड लागतो. तो मी करून घेतला. मजकूर माझा. ‘निपाणीचा ढाण्या वाघ, समुद्राचा राजा, इंजिनिअर दीपंकरसाहेब यांची सुटका झालीच पाहिजे.’ ऑइलर लिहिलं असतं तर कोण विचारणार होतं? फोटो तुझा मित्राच्या लग्नातला, कोट आणि काळा गॉगल. वीस फूट उंच. फौजदार आला, म्हणाला, ‘यात कन्नड कुठाय?’ म्हणून तसाच दुसरा बोर्ड कन्नडमध्ये करून घेतला. रस्त्याच्या एका अंगाला मराठी अण्णा, दुसऱ्या अंगाला कन्नड अण्णा, मधे तीन तास थांबलेले ट्रक. टीव्हीवाल्यांना फोनही मीच केला होता.

आता पिक्चर. चाच्यांचा दुभाष्या लॅपटॉप उघडतो. त्यात कुठल्यातरी गावाची बातमी लागलेली असते. रस्ताभर बायका, दोन्ही बाजूंना कोट-गॉगलवाल्या माणसाचे दोन अवाढव्य फोटो. थिएटरमध्ये हशा पिकला. मीही हसले, अण्णा. आपलाच बोर्ड बघून पोट धरून हसले.

पुढच्या दृश्यात चाचे सगळ्यांना ओळीनं उभं करतात. म्होरक्या एकेकाचा चेहरा लॅपटॉपशी ताडून बघतो आणि ऑइलरला ओळीतून बाहेर ओढतो. त्याला वाटतं, ज्याचे एवढे मोठे फोटो रस्त्यावर लावतात तो त्या मुलखातला कोणी राजा असणार. तो बिचारा हात दाखवतो, हातावरचं काळं तेल दाखवतो. कोणी ऐकत नाही. पैसे पोचतात, जहाज सुटतं, एकोणीस जण घरी जातात. कप्तान, चीफ इंजिनिअर आणि तो ऑइलर, या तिघांना किनाऱ्यावर ठेवून घेतात.

तुमचंही असंच झालं होतं. जूनमध्ये बाकीचे सुटले, तुम्ही तिघं ऑक्टोबरपर्यंत राहिलात. कप्तान ठेवला, चीफ ठेवला, हे कळतं. त्यांच्याबरोबर तेलपाणी करणारा कशाला ठेवला, हे मी, जगभरच्या चौकशा करणारी बाई, तेरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. 

हे खरं आहे का? की पिक्चरवाल्यांनी मीठमसाला लावलाय?

समता


निपाणी, १४ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

तुझं उत्तर नाही. टपालाला दिवस लागतात हे मला कळतं, तरी दुपारी पोस्टमन दिसला की मी वर्ग सोडून व्हरांड्यात जाते. मुलं हसतात.

इकडं एक भानगड झालीय. पिक्चर निपाणीत लागतोय. बोर्डाचं दृश्य कोणाच्यातरी पोरीनं मोबाइलवर पाहिलं आणि ‘आपला मोर्चा पिक्चरात आलाय’ ही बातमी विडी कारखान्यात पोचली. गुणामावशीनं टेम्पो ठरवला. दोन मार्च, रविवार, दुपारचा खेळ, चाळीस बायका. मधली खुर्ची आईची. ती कपाटातून मोर्च्याच्या दिवशीचं निळं लुगडं काढून वाळवत बसलीय.

आता मी काय करू, सांग. आईनं जन्मात दोन गोष्टी मिरवल्या : मला शिकवलं ती एक, आणि रस्त्यावर बसून पोराला सोडवून आणलं ती दुसरी. दवाखान्यात डॉक्टरनं नाव विचारलं तरी ही मोर्च्यापासून सुरुवात करते. त्या थिएटरात, चाळीस बायकांच्या मधे बसून, तिला कळणार की मोर्च्यानं पोरगा सुटला नाही, अडकला. चौऱ्याहत्तर वय आहे तिचं. मी तिला नेऊ का नको? ताप आल्याचं नाटक करू? टेम्पोवाल्याला फितवू?

आणि एक राहिलंय. ते लिहिल्याशिवाय तुझ्याकडून उत्तर मागायला मला तोंड नाही.

तू आल्यावर युनियननं सत्कार ठेवला होता. शाल मला मिळाली, ‘हिच्यामुळं भाऊ सुटला’ म्हणून. मी भाषण ठोकलं, बोर्डाची गंमत रंगवून सांगितली. तू मधेच स्टेजवरून उतरून मागं गेलास आणि तिथं तुला उलटी झाली. मी म्हटलं, समुद्राचं अन्न, पोट बिघडलं असेल. मग आठ दिवसांनी मी माहेरी आले तर तू परड्यातल्या छपरावर चढलेला. आम्ही तो बोर्ड गळतीसाठी कौलांवर अंथरला होता, तो तू विळ्यानं फाडत होतास. तुझाच चेहरा, पट्ट्या पट्ट्या करून. मी खालून ओरडले. ‘कृतघ्न’ म्हणाले. ‘आम्ही रस्त्यावर बसलो म्हणून जिवंत हाईस, न्हायतर माशांनी खाल्लं असतं’ असंही म्हणाले. सगळी आळी ऐकत होती. तू वरून माझ्याकडं बघितलंस आणि परत फाडायला लागलास. त्यानंतर चार दिवसांनी तू गेलास.

मला वाटायचं, तू त्या शब्दासाठी गेलास. गेली तेरा वर्षं मी मनात म्हणत होते, एका शब्दासाठी कोणी घर सोडतं का? आता वाटतं, तुझ्या जागी मी असते तर छपरावरून विळा फेकून मारला असता.

पिक्चर खरा असेल तर ‘हो’ एवढं लिही. आईला नेऊ नको असं असेल तर ‘नको’ लिही. तुला लांबलचक लिहायला जमत नाही हे मला कार्डांवरून कळलंय.

समता


निपाणी, २५ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

कार्ड मिळालं. ‘आईला विचार.’

दोन शब्द! चारावरून दोनावर आलास. काय विचारू आईला? ‘आई, तू ज्याचा एवढा अभिमान बाळगतेस त्यापायी पोरगा साडेचार महिने जास्त मार खात होता, हे तुला माहीत आहे का,’ असं विचारू? हा काय निरोप झाला?

तीन दिवस मी तिच्याभोवती घुटमळतेय. तिच्याशेजारी बसून पानं कापून दिली. ती म्हणाली, ‘आज काय गं एवढी माया? शाळंतनं काढलं काय तुला?’ विचारायच्या बाबतीत मी कधी भित्री नव्हते, यावेळी झाले. माझी लेक सुविधा म्हणते, आजीला जाऊ दे, तिला पिक्चर समजायचाच नाही, हिंदीत आहे. सुविधा आता तेरावं सरून चौदाव्यात जाईल, म्हणून तिला सगळं कळतं.

रविवारी मी आईशेजारी बसणार आहे. तिला काही झालं तर, तुझा फोन नंबर माझ्याकडं नसला तरी, तुला कसंही करून कळवीन.

समता


निपाणी, २ मार्च २०२५

अण्णा,

आत्ताच थिएटरातून आलो. संध्याकाळ व्हायची आहे, आई समोर बसून चहा पितेय, आणि मी चप्पलसुद्धा न काढता लिहायला बसलेय.

चाळीस बायकांनी थिएटर डोक्यावर घेतलं. जहाज दिसलं तेव्हा टाळ्या, बकऱ्या दिसल्या तेव्हा ‘अगं बया, मेल्यांनी बोकडं बी नेली’ म्हणून चर्चा. विडीचं दृश्य आलं तेव्हा मालुबाई ओरडली, ‘तानीबाई, तुझं बोट!’ सगळ्या पडदा सोडून आईच्या हाताकडं बघायला लागल्या.

मग तो लॅपटॉप उघडला. रस्ता, बायका, दोन बोर्ड. गुणामावशी खुर्चीवर उभीच राहिली. ‘मी हाय! ती मी हाय!’ ती नव्हती, पिक्चरवाल्यांनी दुसऱ्या बायका बसवल्यात, पण तिला कोण सांगणार. मी आईचा हात धरला. पुढं काय येणार हे मला ठाऊक होतं, मला तिचा चेहरा बघायचा होता.

अण्णा, आई पडद्याकडं बघतच नव्हती. ती माझ्याकडं बघत होती.

पडद्यावर त्या ऑइलरला ओळीतून ओढलं. आईनं माझ्या हातावर दुसरा हात ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘बघ तू. मला ठावं हाय.’

बाहेर आल्यावर गुणामावशी म्हणत होती, ‘पिक्चरवालं काय बी दावत्यात, आमच्या मोर्च्यानं पोरगा सुटला म्हंजे सुटला.’ आम्ही दोघी टेम्पोत बसलोच नाही. चालत आलो, तिच्या गुडघ्यांना जमेल तसं, दर शंभर पावलांना थांबत. मी विचारलं, तिनं सांगितलं.

‘तू त्याला कृतघ्न म्हणलीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्याम्होरं येऊन बसला. पानं कापाय लागला. कापता कापता समदं बोलला. मग म्हणला, आये, समीला सांगू का? मी न्हाय म्हणलं.’

‘का?’

‘तू पाच महिन्यांची व्हतीस. आदूगरची दोन पोटं पडलेली. तुला काय सांगायचं व्हतं मी?’

‘सुविधा झाल्यावर तरी सांगायचंस.’

‘मग तू अंगावर पाजत व्हतीस. मग तुझं सासरं वारलं. मग तू शाळंत कायम झालीस, पेढं वाटलंस. सांगाय बी दिस चांगला बघाय लागतो गं. तसला दिस मला गावलाच न्हाय.’

मी म्हटलं, पण तो गेला का? सांगायचं नव्हतं तर गप्प राहून इथंच राहायचं.

आई थांबली. रस्त्याच्या कडेच्या कठड्यावर बसली. ‘त्योच म्हणला, स्टँडवर जो त्यो म्हणतोय, बहिणीनं सोडवलं रं तुला. रोज मान हलवायची मला जमायची न्हाय. कवातरी तोंडातनं निघून जाईल आणि ही मरंल. मी म्हणलं, मग जा बाबा. कुणालातरी एकाला लांब ऱ्हायाच लागणार व्हतं. तू पोटुशी, तुला कुठं धाडू? मीच घालवला त्याला.’

‘मग एवढी वर्षं मोर्च्याच्या गप्पा कशाला मारत होतीस?’

‘मी गप बसले असते तर तू इचारली असतीस, आई का गं बोलत न्हाईस. तुझी चौकशी मला ठावं न्हाय व्हय?’

मी रस्त्यात रडले, अण्णा. पोरींच्या सायकली जात होत्या, त्यात माझ्या वर्गातल्या होत्या, तरी रडले. मग आईवर चिडले. तुझ्यावरही चिडलेय, आत्ता हे लिहितानासुद्धा. तुम्ही दोघांनी मला न विचारता मला वाचवलंत. मी काचेची होते का? मला सांगितलं असतं तर मी रडले असते, आजारी पडले असते, कदाचित बाळही गेलं असतं... हे लिहिलं आणि हात थांबला. आईचं बरोबर होतं की काय, कोण जाणे. मला ठरवता येत नाही.

एवढं मात्र ठरवता येतं. बोर्ड मी लिहिला. इंजिनिअर मी केलं तुला, राजा मी केलं. आणि वर तुलाच कृतघ्न म्हणाले. मी चुकले, अण्णा. मला तुझ्या सगळ्या नऊ महिन्यांच्या चौकशा करायच्या आहेत, पण आधी शेवटच्या साडेचार महिन्यांच्या. ते मला तुझ्या तोंडून ऐकायचे आहेत. पिक्चरमध्ये जे दाखवलं नाही तेही. मी मधे बोलणार नाही.

आईला विचारलं, तुझं काय लिहू? तिनं बशीतला चहा संपवला.

म्हणाली, ‘लई लिहू नको. हिला कळलं, आता ये म्हणावं.’

समता